घाईला जागा नसलेला बाजार

साबण किंवा सायकल विकणाऱ्याला एक गिऱ्हाईक गेले तर दुसरे मिळते. विमानवाहतूक नियंत्रणाची यंत्रसामग्री विकणाऱ्याचे तसे नाही. बहुतेक देशांत तिचे गिऱ्हाईक एकच, आणि तेही सरकारी अथवा सरकारच्या देखरेखीखालचे. भारतात ते भारतीय विमानतळ प्राधिकरण होय. एकदा बसविलेली यंत्रणा वर्षानुवर्षे चालते. त्यामुळे एक निविदा हातची गेली की पुढची संधी केव्हा येईल, याचा नेम नसतो.

निविदा मिळाली तरी खरी परीक्षा पुढेच असते. मोठ्या विमानतळाचा नियंत्रण कक्ष एक दिवसही बंद ठेवता येत नाही. जुनी यंत्रणा चालू ठेवून नवी तिच्या शेजारी चालवावी लागते, नियंत्रकांच्या हाताला तिची सवय व्हावी लागते आणि ती बिघडल्यास काय होईल, याचेही उत्तर आधीच द्यावे लागते. अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने १९८८ साली आयबीएमसारख्या बलाढ्य कंपनीला आपल्या नियंत्रण यंत्रणेच्या नूतनीकरणाचे काम दिले. खर्च आणि विलंब इतका वाढला की १९९४ मध्ये त्या योजनेचा मोठा भाग गुंडाळावा लागला. ब्रिटनमधील स्वानविकचे केंद्र १९९६ मध्ये सुरू व्हायचे होते. ते सुरू झाले जानेवारी २००२ मध्ये. प्राधिकरण आणि इस्रो यांच्या ‘गगन’ या उपग्रहाधारित यंत्रणेचा चाचणीचा टप्पा २००७ मध्ये पुरा झाला. परंतु उतरणाऱ्या विमानाला उंचीचे मार्गदर्शन करण्याचे प्रमाणपत्र तिला एप्रिल २०१५ मध्ये मिळाले.

हा सारा विलंब म्हणजे लालफीत, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. जेथे एका चुकीची किंमत शेकडो प्राण असते, तेथे शंका घेणे हेच कर्तव्य असते. तथापि विलंबालाही किंमत असते. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीच्या आकाशात सौदी व कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ जण मृत्युमुखी पडले. कझाक विमान ठरलेल्या उंचीखाली उतरले होते, हे खरे; परंतु विमानाची उंची पडद्यावर दाखविणारे दुय्यम रडार दिल्लीत तेव्हा कार्यरत नव्हते आणि नियंत्रकाला वैमानिकाच्या शब्दावरच विसंबावे लागत होते.

म्हणून धीराचे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. चाचणीसाठी लागणारा वेळ सुरक्षिततेत जमा होतो. टेबलावर पडून राहिलेल्या फायलीचा वेळ कोणाच्याच कामी येत नाही. शिवाय वर्षानुवर्षे थांबणे गडगंज भांडवलाच्या कंपन्यांनाच परवडते. गुणी पण लहान उद्योग मध्येच गळून पडतो आणि अखेर खरेदीदारच मोजक्या विक्रेत्यांच्या हाती सापडतो. निर्णयाच्या तारखा आधी जाहीर कराव्यात, चाचणीच्या टप्प्याटप्प्याने पैसे द्यावेत. चाचणी मात्र तसूभरही सैल करू नये. विक्रेत्याकडून धीराची अपेक्षा करणाऱ्या खरेदीदाराने एवढी शिस्त स्वतःला लावून घेतलीच पाहिजे.