महिन्याची नोंद आणि वेताचा अंदाज

बीदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यातील संतपूरचा परिसर आणि त्यालगतचा लातूर जिल्ह्यातील उदगीर-देवणीचा भाग देवणी गोवंशासाठी प्रसिद्ध आहे. शेतीला बैल आणि घराला दूध असा या जातीचा दुहेरी उपयोग होय. तथापि, गाईचे मोल ठरविण्याची रूढ रीत सदोष आहे. बाजारात एका धारेवरून किंमत होते. आदली धार चुकवून कास तुंबवली, की साधारण गायही दुधाळ भासते. उलट, वेताच्या अखेरीस आलेली उत्तम गाय कवडीमोलाने विकली जाते.

यावर उपाय नियमित नोंदीचा आहे. डेन्मार्कमध्ये १८९५ साली शेतकऱ्यांनी दूधनोंदणीचे मंडळ स्थापन केले. तेव्हापासून ही पद्धत जगभर रुजली. त्यासाठी रोज दूध मोजण्याची आवश्यकता नसते. चिकाचे दिवस संपल्यावर महिन्यातून एक दिवस सकाळ-संध्याकाळचे दूध मोजून तारखेसह लिहावे. वासरासाठी किती सड राखले, तेही नमूद करावे व ती रीत प्रत्येक वेळी एकच ठेवावी.

उदाहरणादाखल, एका गाईने विल्यानंतर १५व्या दिवशी ४ लिटर, ४५व्या दिवशी ५ लिटर व ७५व्या दिवशी साडेचार लिटर दूध दिले असे समजू. पहिल्या १५ दिवसांचे दूध ६० लिटर धरावे. पुढील ३० दिवसांसाठी ४ व ५ यांची सरासरी साडेचार, म्हणजे १३५ लिटर. त्यापुढील ३० दिवसांसाठी सरासरी पावणेपाच, म्हणजे साडेबेचाळीस अधिक शंभर लिटर. एकूण ३३७.५ लिटर होतात.

गाईचे दूध विल्यानंतर काही आठवडे वाढते, शिखर गाठते व नंतर हळूहळू उतरते. या चढउताराचे गणिती सूत्र वुड यांनी १९६७ साली मांडले. गावातील पूर्ण झालेल्या वेतांच्या नोंदींवरून पहिल्या ७५ दिवसांत वेताचे एक तृतीयांश दूध मिळते असे आढळल्यास, वरील गाईचे वेत सुमारे १,०१२ लिटरांचे होईल. नोंदी जितक्या वाढतील, तितका अंदाज सुधारतो. मात्र आजार, चाराटंचाई वा कडक उन्हाळा यांनी तो चुकू शकतो. म्हणून अशा घटनाही वहीत लिहाव्यात.

या अंदाजाचा सर्वांत मोठा लाभ वळूच्या निवडीत होतो. वळू स्वतः दूध देत नाही. त्याचा गुण आईच्या व मुलींच्या नोंदींतूनच कळतो. नोंद नसेल, तर उत्तम गाईचा गोऱ्हा ओळखला न जाताच खच्ची होतो आणि तिचा वारसा पुढील पिढ्यांना मिळत नाही.

शाळेत सरासरी शिकविताना शिक्षकांनी अशा नोंदी उदाहरणासाठी घ्याव्यात. पशुवैद्यकीय कर्मचाऱ्यांनी कानातील बिल्ल्याच्या क्रमांकाशी त्या जोडून ठेवाव्यात. पशुपालकांनी गाय विकण्यापूर्वी एकदा वही अवश्य पाहावी.