खांबांवरचा सातबारा

सॅन दिएगोहून कोरोनाडोला जाणारा निळा पूल खाडीवर झेपावण्याआधी बॅरिओ लोगन नावाच्या वस्तीच्या डोक्यावरून जातो. वरच्या गाड्यांना खालचं काही दिसत नाही. खाली उतरलं, की राखाडी काँक्रीटचे खांब रंगांनी पेटलेले भेटतात. अ‍ॅझटेकांचा पिसांचा सर्प केत्सालकोआत्ल, ग्वादालुपेची माता, क्रांतिकारक झपाटा, शेतमजुरांचा नेता सीझर चावेझ, फ्रीडा काहलो. ऐंशीहून अधिक भित्तिचित्रांचं हे चिकानो पार्क.

मेक्सिकन वंशाच्या अमेरिकी तरुणांनी १९६० च्या दशकात ‘चिकानो’ ही ओळख ताठ मानेनं मिरवली. बॅरिओ लोगन अशाच कुटुंबांची वस्ती. मासळी डबाबंद करणाऱ्या कारखान्यांत आणि जहाजगोद्यांत राबणारी ही माणसं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नौदलाचा पसारा वाढला आणि त्यांचा किनारा गेला. पुढे जमीनवापराचे नियम बदलले आणि घरांना खेटून मोटारींच्या भंगाराची यार्डं आली. १९६३ मध्ये महामार्गानं वस्ती मधोमध चिरली. १९६९ मध्ये पूल उभा राहिला, तोही घरं पाडूनच.

पुलाखालच्या जागेत बाग करण्याचं आश्वासन तेवढं उरलं होतं. २२ एप्रिल १९७० रोजी तिथं बुलडोझर आले. मारिओ सोलिस या विद्यार्थ्यानं चौकशी केली, तेव्हा कळलं, की बाग नव्हे, महामार्ग पोलिसांचं ठाणं होणार आहे. बातमी वस्तीभर पसरली. बायाबापड्या, पोरंसोरं, विद्यार्थी जमले आणि बुलडोझरांभोवती साखळी धरून उभे राहिले. कुदळ-फावडी आली, निवडुंग आणि झाडं लागली, टेलिफोनच्या खांबावर चिकानो झेंडा चढला. हा ताबा बारा दिवस टिकला. अखेर सरकार वाटाघाटींना बसलं आणि जागा बागेला मिळाली.

याच वस्तीत वाढलेले चित्रकार साल्वादोर तोरेस यांना त्या खांबांत कॅनव्हास दिसत होता. १९७३ मध्ये रंगकाम सुरू झालं. व्हिक्टर ओचोआ, गिलेर्मो अरांदा, मारिओ तोरेरो यांच्या जोडीला शेजारपाजारचे लोकही ब्रश घेऊन उतरले. सॅक्रामेंटोहून ‘रॉयल चिकानो एअर फोर्स’ हे मिश्कील नावाचं कलापथक आलं. १९७५ मध्ये तिथल्याच चित्रकार स्त्रियांनी एक खांब आपला केला.

चित्रांत देव आणि नायक आहेत, तशी रोजची भांडणंही आहेत. १९७७ च्या एका चित्राचं म्हणणं सरळ आहे: वस्ती हवी, भंगारयार्डं नकोत. सरकारदरबारी ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं, त्यांनी आपला सातबारा असा खांबांवर लिहून ठेवला.

शहरालाही तो हळूहळू मान्य करावा लागला. त्याच पिढीतल्या कलावंतांनी बाल्बोआ पार्कमधल्या पाण्याच्या जुन्या टाकीत ‘सेंत्रो कुल्तुराल दे ला रासा’ हे कलाकेंद्र उभं केलं. १९८० मध्ये सॅन दिएगोनं चिकानो पार्कला ऐतिहासिक स्थळ ठरवलं. पुढे भूकंपापासून बचावासाठी पूल मजबूत करताना चित्रं जपण्याची काळजी घ्यावी लागली. २०१६ मध्ये हे पार्क राष्ट्रीय ऐतिहासिक वारसास्थळ झालं. ज्या जागेवर पोलीस ठाणं व्हायचं होतं, तिथं आता पर्यटक येतात.

मात्र भांडण मिटलेलं नाही. घरं आणि कारखाने यांच्यात अंतर राखणारा आराखडा महापालिकेनं २०१३ मध्ये मंजूर केला. जहाजबांधणी उद्योगानं त्याविरुद्ध मोहीम उघडली आणि २०१४ मध्ये शहरभरच्या मतदारांनी तो फेटाळला. नवा आराखडा यायला २०२१ उजाडलं. दुसरीकडे लोगन अ‍ॅव्हेन्यूवर गॅलऱ्या आणि कॅफे वाढले, तशी घरभाडीही चढली. चित्रांनी वस्तीला नाव मिळवून दिलं खरं, पण त्या नावाची किंमत जुन्या भाडेकरूंना मोजावी लागते आहे.

पार्कला भेट द्यायची तर ट्रॉलीच्या ब्लू लाइननं बॅरिओ लोगन स्थानकावर उतरावं. तिथून चालत जाता येतं, प्रवेशाला तिकीट नाही. २०२२ मध्ये सुरू झालेलं संग्रहालयही जवळच आहे. एप्रिलमधल्या चिकानो पार्क दिनाला गेलं, तर पिसांचे मुकुट घातलेले अ‍ॅझटेक नर्तक आणि जमिनीला टेकतील अशा बुटक्या, चकचकीत लोरायडर गाड्या एकाच ठिकाणी पाहायला मिळतात.