साथीदार ते मुख्य गायक: ग्लेन कॅम्पबेल

आर्कान्सातल्या, बटाईने शेती कसणाऱ्या कुटुंबात १९३६ साली जन्मलेला ग्लेन कॅम्पबेल १९६० मध्ये लॉस एंजेलिसला आला आणि स्टुडिओतल्या वादकांच्या फळीत दाखल झाला. स्वरलिपी वाचता येत नव्हती, पण कान विलक्षण तयार. सिनात्रा, एल्विस प्रेस्ली यांच्या गाण्यांना त्याच्या गिटारची साथ आहे. तबकडीच्या वेष्टनावर अशा वादकांची नावं तेव्हा सहसा छापलीच जात नसत. १९६४च्या अखेरीस ब्रायन विल्सनने आपल्या ‘बीच बॉइज’ या बँडसोबत दौऱ्यांवर जाणं थांबवलं, तेव्हा त्याच्या जागी उभं राहून कॅम्पबेलने बास गिटार आणि तारसप्तकातला आवाज दोन्ही निभावले.

कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीशी १९६२ पासून करार होता, तरी स्वतःच्या नावावर मोठं यश मिळायला १९६७चं ‘जेंटल ऑन माय माइंड’ यावं लागलं. पुढच्या वर्षी कंट्री आणि पॉप अशा दोन्ही विभागांत मिळून चार ग्रॅमी. १९६८च्या ‘विचिटा लाइनमन’ या गाण्यातला मधला तुकडा मात्र आवर्जून ऐकावा. जुनी सहवादक कॅरल के हिचा सहा तारांचा बास हाती घेऊन त्याने खर्जातले मोजकेच स्वर वाजवले. एवढा वेगवान हात असलेल्या वादकाचा हा संयम थक्क करतो.