वजन कमी करण्याच्या ऑपरेशनआधी झोपेची तपासणी का करतात?

बेरिॲट्रिक सर्जरी पोटाची, मग डॉक्टर घोरण्याबद्दल का विचारतात? कारण स्लीप ॲप्निया. यात झोपेत घसा आकसतो आणि श्वास 10 सेकंद किंवा जास्त वेळ, पुन्हा पुन्हा अडतो. लठ्ठपणात हा त्रास बऱ्याच जणांना असतो, पण अनेकांना त्याचा पत्ताच नसतो.

धोका काय? भूल आणि काही तीव्र वेदनाशामकांमुळे घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. ऑपरेशननंतर ऑक्सिजन घसरू शकतो.

तपासणी कशी? आधी ‘स्टॉप-बँग’चे 8 प्रश्न. 3 किंवा जास्त ‘हो’ आले तर जोखीम जास्त, मग गरजेनुसार स्लीप स्टडी. तासाला 30 किंवा जास्त वेळा श्वास अडत असेल तर आजार गंभीर. अशांना ऑपरेशनआधीच सीपॅप मशीन सुरू करतात.

आपलं घोरणं आपल्याला ऐकू येत नाही. त्यामुळे डॉक्टरांकडे जाण्याआधी घरच्यांना विचारा.