पेटीवरचा शिक्का आणि पेटीतली वीज

गृहनिर्माण संस्थेची जिन्याखालची मीटरखोली, शेताच्या बांधावरची डीपी आणि कारखान्यातला स्विचबोर्ड, या तिन्ही ठिकाणी माणूस आणि वीज यांच्यामध्ये उभी असते ती एक पेटी. आतल्या एमसीबीवर आयएसआयचा शिक्का आहे की नाही हे पाहणारा ग्राहक आता क्वचित का होईना भेटतो; पेटीबाबत मात्र ‘पत्रा जाड आहे ना?’ एवढ्या चौकशीवर आपले समाधान होते.

भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली आणि १९५२ च्या कायद्याने तिच्या प्रमाणचिन्हाला वैधानिक आधार मिळाला. १९८७ मध्ये तिची जागा भारतीय मानक ब्यूरोने घेतली. संस्था गेली, पण शिक्क्यावरची तीन अक्षरे राहिली. (सरकारी नामांतरांच्या आपल्या देशात हा अपवादच!) एमसीबी, घरगुती स्विच आणि तारा यांना हे चिन्ह २००३ च्या आदेशान्वये सक्तीचे झाले. चिन्हाखाली परवान्याचा क्रमांक असतो व तो ब्यूरोकडे पडताळून पाहता येतो.

पेटीवर बहुधा आढळतो तो ‘आयपी’ हा निराळा संकेत. त्यापुढील पहिला अंक घन वस्तूंपासून, तर दुसरा पाण्यापासून मिळणारे संरक्षण दर्शवितो. पहिला अंक २ असेल, तर बारा मिलिमीटर जाडीचे सांधेदार कृत्रिम बोट आत घालून पाहिले असता ते जिवंत भागापर्यंत पोहोचता कामा नये. ‘आयपी ५४’ म्हणजे अपायकारक प्रमाणात धूळ आत जात नाही आणि कोणत्याही दिशेने उडालेले पाणी बाधत नाही. परंतु हा अंक कारखान्यातून निघालेल्या पेटीचा असतो. वायरमनने केबलसाठी वाटेल तिथे भोक पाडले आणि त्यात ग्लँड बसविली नाही, की पेटीवरचा ‘५४’ हा केवळ रंगाने लिहिलेला आकडा उरतो.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. एमसीबी, बसबार, केबल हे सारे स्वतंत्रपणे उत्तीर्ण झाले, म्हणून त्यांची बंद पेटीत केलेली जुळणी उत्तीर्ण होत नाही. दाटीवाटीने बसविलेल्या उपकरणांची उष्णता आत कोंडते, सांधे तापतात, तारांवरचे आवरण कडक होऊन तडकते. म्हणूनच आयएस/आयईसी ६१४३९ हे मानक संपूर्ण जुळणीच्या तापमानवाढीची पडताळणी मागते. घटकांवरचे शिक्के दाखवून जुळणी खपविण्याची प्रथा या अपेक्षेला बगल देते. युरोपातील ‘सीई’ हे चिन्हही पुष्कळदा असेच पुढे केले जाते. वस्तुतः कमी दाबाच्या विद्युत साहित्याबाबत ते उत्पादकाचे स्वतःचे घोषणापत्र असते. त्यासाठी त्रयस्थ प्रयोगशाळेची सक्ती नाही.

जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे विश्लेषण केले. ज्या बाजारात विक्रेत्याला मालाचा दर्जा ठाऊक असतो आणि ग्राहकाला नसतो, तिथे वाईट माल चांगल्याला हुसकून लावतो, हा त्यांचा निष्कर्ष. स्विचबोर्डाची स्थिती याहूनही बिकट आहे. मोटार विकत घेणारा निदान ती स्वतः चालवितो. येथे पेटी निवडतो कंत्राटदार, पैसे देतो बांधकाम व्यावसायिक आणि झाकण उघडतो तो वायरमन किंवा रात्री फ्यूज घालायला गेलेला शेतकरी. धोका ज्याच्या वाट्याला येतो, त्याचा खरेदीत आवाजच नाही. त्यातच निविदा सर्वांत कमी दराला मिळणार असेल, तर चाचणीचा खर्च सोसणारा प्रामाणिक उत्पादक आधी बाहेर फेकला जातो.

तेव्हा ‘ग्राहकांनो, जागे व्हा’ एवढ्याने भागणार नाही. सुधारणेचा आरंभ मोठ्या खरेदीदारांनी करावा. सार्वजनिक बांधकाम खाते, नगरपालिका आणि वीज कंपन्या यांनी निविदेत ‘आयएसआय दर्जाचे’ असे मोघम शब्द न लिहिता मानकाचा क्रमांक लिहावा, संपूर्ण जुळणीच्या पडताळणीचा अहवाल मागावा आणि दर उघडण्यापूर्वी तो तपासावा. याच मानकानुसार जुळणी करणाऱ्याचे नाव, प्रकार-क्रमांक व निर्मितीची तारीख कळेल अशी पट्टी बोर्डावर असावी लागते. अशी पट्टी नसलेल्या बोर्डाचे बिल मंजूर करू नये, एवढे तरी खरेदी करणाऱ्या कार्यालयांना उद्यापासून करता येईल.