चेहऱ्याचे छायाचित्र आणि पहिला संग्रह

आमच्या परिचयाच्या एका घरी दिवाणखान्यात आजीबाईंची हार घातलेली तसबीर आहे. जवळ जाऊन निरखिले असता त्यांच्या डाव्या खांद्यावर कोणा परक्या बाईच्या शालूचा काठ दिसतो. आजीबाई गेल्या तेव्हा घरातील चार मोबाईलांत मिळून हजारो चित्रे होती. परंतु त्यांत त्यांचा एकटीचा, नीट उजेडातला चेहरा एकही निघाला नाही. अखेरीस नातीच्या लग्नातील समूहचित्रातून तेवढा भाग कापून मोठा करावा लागला. अशा तसबिरी टेंभी नाक्याच्या आसपास कित्येक घरांतून सापडतील. विद्यार्थिमित्रांनी व्यक्तिचित्रणाचा छंद लावून घ्यावा असे आम्ही सुचवितो, ते मुख्यतः याच कारणासाठी.

हा छंद आपल्याकडे नवा नव्हे. बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी आली. पुढल्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी या विद्येत मोठा रस घेत. हरिश्चंद्र चिंतामण यांनी त्याच वर्गात धडे घेऊन पुढे व्यक्तिचित्रांचा व्यवसाय नावारूपास आणिला. त्या काळी काचेवर रसायनाचा ओला लेप देऊन चित्र घ्यावे लागे, आणि समोर बसणाऱ्यास कित्येक सेकंद निश्चल राहणे भाग पडे. मान हलू नये म्हणून मागे लोखंडी आधार लावीत. जुन्या चित्रांतील पणजोबा रागीट दिसतात त्यास त्यांचा स्वभावच कारण असेल असे नव्हे. इतका वेळ हसू टिकवून धरणे कोणासही कठीणच!

आता सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात काम होते. तथापि जी गोष्ट तेव्हा मुख्य होती तीच आजही आहे, ती म्हणजे उजेड. नवशिक्या भर दुपारी गच्चीवर जातो आणि उजेड भरपूर मिळाला म्हणून संतुष्ट होतो. परंतु डोक्यावरून येणाऱ्या उन्हाने डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो, नाकाची सावली ओठांवर पडते, आणि माणूस डोळे बारीक करून पाहू लागतो. त्यापेक्षा चाळीतील गॅलरी किंवा घराची एक खिडकी शतपट बरी. खिडकीतून थेट ऊन येत नसेल अशी वेळ पाहावी. खोलीतील दिवे मालवावे. माणसास खिडकीपासून दोन हातांवर किंचित तिरपे बसवावे. उजेड एका गालावरून दुसऱ्यावर हळूहळू उतरतो आणि चेहऱ्यास उठाव येतो. अंधारी बाजू फारच काळी वाटल्यास तिकडून कोणास पांढरी चादर धरून उभे करावे. दोन्ही डोळ्यांत खिडकीचा लहानसा पांढरा ठिपका दिसला म्हणजे बसण्याची जागा साधली असे समजावे; तो नसेल तर डोळे निर्जीव भासतात.

नवरात्रात टेंभी नाक्यावर रोषणाई असते, आणि तेथे चित्रे काढण्याचा मोह अनावर होतो. १९७८ साली आनंद दिघे यांनी सुरू केलेल्या त्या उत्सवाची चित्रे अवश्य काढावी. परंतु हिरव्याजांभळ्या दिव्यांखाली माणसाच्या कातडीचा खरा वर्ण उमटत नाही, हे ध्यानात असावे.

दुसरी गोष्ट अंतराची. मोबाईल चेहऱ्यास अगदी लागून धरला तर नाक कानांच्या मानाने कॅमेऱ्यास फार जवळ येते, आणि म्हणून ते फुगलेले दिसते. दोष भिंगापेक्षा अंतराचा अधिक. पाच-सहा फूट मागे सरावे आणि मोबाईलात दूरचे भिंग असल्यास ते वापरावे. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर धरावा, आणि जो डोळा आपल्या जवळ असेल त्यावर नजर स्पष्ट करावी. कातडी गुळगुळीत करून देणारी जी सोय हल्ली मोबाईलात असते तिचा आम्हांस मनस्वी कंटाळा आहे. सत्तर वर्षांच्या सुरकुत्या एका बोटाने पुसणे हे त्या माणसास पुसण्यासारखेच होय.

खरी अडचण मात्र निराळीच. आजीस बसा म्हटले की ती म्हणते, “माझा म्हातारीचा मेलीचा कसला फोटो काढतोस!” आणि बसलीच तर शाळेच्या तपासणीस बसल्यासारखी ताठ होते. तिला तांदूळ निवडू द्यावे, जुन्या घराविषयी विचारावे, आणि कॅमेरा दहा मिनिटे मांडीवर तसाच असू द्यावा. पहिली वीस चित्रे वाया जातील. हात कामात गुंतले म्हणजे चेहरा आपोआप मोकळा होतो.

पहिला संग्रह जवळच्या माणसांपासूनच आरंभावा. होमाई व्यारावाला यांनी विद्यार्थिदशेत जे. जे. कलाशाळेतील आपल्या मैत्रिणींची चित्रे काढिली. देशातील थोर पुढाऱ्यांसमोर त्या कॅमेरा घेऊन उभ्या राहिल्या त्या पुढे. गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) हे लिंटास या जाहिरातसंस्थेत नोकरी करीत असतानाच व्यक्तिचित्रांकडे वळले, आणि त्यांचा ‘फेसेस’ हा ग्रंथ १९९७ साली प्रसिद्ध झाला.

आमच्या मते संग्रहात बाराच चित्रे असावी, आणि ती बारा निरनिराळ्या माणसांची: आजी, धाकटा भाऊ, वर्गमित्र, इस्त्रीवाले काका, नाक्यावरील फुलवाल्या मावशी. परक्यास आधी विचारावे. नकार आला तर नमस्कार करून पुढे जावे. लहान मुलांच्या बाबतीत आईबापांची संमती घ्यावी, आणि रुग्णालयाच्या दारात बसलेल्या चिंताग्रस्त माणसांवर कॅमेरा रोखू नये. दोनशेंतून बारा निवडणे हे काढण्याहून अवघड. स्वतःस निर्णय होत नसेल तर चित्रे आठ दिवस न पाहता ठेवावी आणि मग पुन्हा पाहावी. पालकांकडे आमचे मागणे एवढेच की कागदावर छापण्याचा खर्च त्यांनी सोसावा. मोबाईल बदलतात, हरवतात, बिघडतात. प्रत्येक छापाच्या दोन प्रती काढाव्या. आपल्या प्रतीसोबत पाकिटात नाव, गाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवावी; दुसरी प्रत, ज्याचा चेहरा त्याला, स्वतः नेऊन द्यावी.