रूइबॉस : आफ्रिकेंतील तांबडें झुडूप व त्याचें पेय

गेल्या पौषांत आमच्या भावकींतील एक तरुण कांहीं कागद घेऊन प्रस्तुत लेखकाकडे आला. रोपें विकणाऱ्या एका इसमानें त्यास सांगितलें होतें कीं, रूइबॉस नांवाचा एक परदेशी चहा आहे, त्यास मोठ्या शहरांत भारी दर मिळतो, आणि एक एकर लागवड केल्यास तीन वर्षांत सर्व देणें फिटेल. रोपांची रक्कम मात्र आगाऊ द्यावयाची होती, व ती उभी करण्यासाठीं वडिलोपार्जित जमिनीवर बोजा चढविण्याची त्याची तयारी झाली होती. ज्याची सारी नोकरी सात-बाराच्या उताऱ्यांवर बोजे चढवितांना व उतरवितांना गेली, त्यास असा कागद पाहून स्वस्थ बसवत नाहीं. म्हणून ह्या वनस्पतीविषयीं जी विश्वसनीय माहिती मिळाली, ती सभासदांच्या उपयोगासाठीं येथें क्रमानें देत आहें.

प्रथम नांवाचा खुलासा केला पाहिजे. हा शब्द दक्षिण आफ्रिकेंतील आफ्रिकान्स भाषेंतला असून तेथील लोक त्याचा उच्चार 'रॉयबॉस' असा करितात. 'रूइ' म्हणजे तांबडें व 'बॉस' म्हणजे झुडूप. आपल्याकडील रुई अथवा मांदार हिच्याशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं. रुईचा चीक विषारी आहे. तेव्हां नांवाच्या साम्यावरून कोणीं भलताच प्रयोग करूं नये. ह्या झुडपाचें शास्त्रीय नांव ॲस्पालॅथस लिनिॲरिस असें आहे. तें शेंगवर्गांतील असून आपला ताग त्याच्या जवळच्या नात्यांतला होय. त्याचीं पानें सुईसारखीं बारीक व हिरवीं, फुलें लहान व पिवळीं असतात, आणि प्रत्येक शेंगेंत बहुधा एकच बीं असतें. तांबडा रंग झाडावर नसतो. तो पुढील कृतीनें येतो.

आतां चहा व हें पेय ह्यांतील भेद पाहूं. आपण ज्यास चहा म्हणतों, त्याचीं पानें कॅमेलिया सायनेन्सिस ह्या एकाच जातीच्या झाडाचीं असतात. आसामचा काळा चहा, दार्जिलिंगचा सुवासिक चहा आणि हल्लीं प्रकृतीसाठीं म्हणून घेतला जाणारा हिरवा चहा, हीं सर्व त्याच झाडाचीं रूपें होत. भेद मुख्यतः कृतीचा. त्यामुळें त्या सर्वांत कॅफीन हें उत्तेजक द्रव्य असतेंच. चहाच्या एका पेल्यांत तें साधारणतः ३० ते ५० मिलिग्रॅम असतें. कॉफींत त्याच्या सुमारें दुप्पट. पोटांत गेलेल्या कॅफीनचा निम्मा अंश नाहींसा होण्यास निरोगी प्रौढ माणसास सुमारें ५ तास लागतात. म्हणजे सायंकाळीं सहा वाजतां घेतलेला चहा रात्रीं अकरा वाजतां अर्धा जागाच असतो. कॅफीन काढून टाकलेला चहाही बाजारांत मिळतो, परंतु त्यांत थोडा अंश राहतोच. रूइबॉसमध्यें मात्र तें द्रव्य मुळांतच नाहीं. शिवाय चहाला तुरटपणा आणणारीं टॅनिन द्रव्येंही त्यांत कमी असतात. आपल्या परसांतील गवती चहांतही कॅफीन नसतें. परंतु आपण त्याची पात चहाच्या भुकटीबरोबरच उकळतों, आणि मग झोप न येण्याचा दोष वयावर ढकलतों.

हें झुडूप केप टाउनच्या उत्तरेस सेडरबर्ग पर्वताच्या आसपास आपोआप उगवतें. क्लॅनविल्यम हें त्या व्यापाराचें मुख्य गांव केप टाउनपासून सुमारें २३० किलोमीटर आहे. त्या डोंगरांतील खोइ व सान ह्या मूळच्या लोकांस ही वनस्पती पूर्वापार ठाऊक होती. डोंगरांतून फांद्या तोडून आणावयाच्या, कुऱ्हाडीनें बारीक करावयाच्या, लांकडी हातोड्यांनीं चेंचावयाच्या, ढीग घालून मुरवावयाच्या आणि उन्हांत वाळवावयाच्या, अशी त्यांची रीत होती. आजची यंत्रें तेंच काम करितात. फांद्यांचे कांहीं मिलिमीटर लांबीचे तुकडे करून, चेंचून व पाणी शिंपडून उघड्या फरशीवर ढीग घालितात. एका रात्रींत हिरवा रंग जाऊन विटकरी तांबडा येतो व गोडसर वास सुटतो. ह्यास आंबविणें म्हणतात; परंतु खरें पाहतां ही पानांतील द्रव्यांचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होण्याची क्रिया आहे. नंतर माल उन्हांत पसरून वाळवितात, चाळतात, व जंतुनाशासाठीं त्यास वाफ देतात. न मुरवितां लगेच वाळविलेला हिरवा रूइबॉसही मिळतो. त्याचा हिरव्या चहाशीं संबंध नाहीं.

सन १९०४ च्या सुमारास रशियांतून तेथें आलेल्या बेंजामिन गिन्सबर्ग नांवाच्या व्यापाऱ्यानें डोंगरी लोकांकडून हा माल घेऊन बाहेर विकण्यास आरंभ केला. परंतु लागवड कोणास साधेना. शेंग पिकतांच फुटून बीं मातींत उडे, आणि गोळा केलेलें बीं पेरलें तरी उगवत नसे. सन १९३० च्या सुमारास क्लॅनविल्यम येथील डॉक्टर पीटर ल फ्रास नॉर्टिये ह्यांनीं हा प्रश्न हातीं घेतला. बीं आणून देणाऱ्या गांवकऱ्यांस ते पैसे देत. सांगतात कीं, एका वृद्ध खोइ बाईनें मुंग्या बीं वाहून नेत असतांना पाहिल्या, त्यांच्यामागें जाऊन वारूळ उकरलें, आणि तेथें तिला बियांचें कोठार सांपडलें. पुढें डॉक्टरांस दिसून आलें कीं, बियांचें कवच फार कठीण आहे. दोन जात्याच्या दगडांमध्यें तें किंचित् खरवडल्यास बीं उगवतें. सुबाभळीचें बीं पेरण्यापूर्वीं आपण गरम पाण्यांत घालतों, त्यांतलेंच हें इंगित. ही युक्ति त्यांनीं शेतकऱ्यांस मोकळेपणानें शिकविली, आणि रानांतील झुडपाचें पीक झालें.

पीक झालें तरी पैसा झालाच असें नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत आशियाचा चहा मिळेनासा झाल्यानें रूइबॉसला मागणी आली. युद्ध संपल्यावर दर कोसळले. तेव्हां सन १९४८ मध्यें क्लॅनविल्यमच्या शेतकऱ्यांनीं सहकारी संस्था काढली, आणि सन १९५४ मध्यें विक्रीवर सरकारी नियंत्रण मंडळ आलें. सन १९९३ मध्यें त्या मंडळाचें रूपांतर कंपनींत झालें. सन २००१ मध्यें दक्षिण बोकेव्हेल्ड भागांतील अल्पभूधारकांनीं हेइव्हेल्ड नांवाची स्वतःची सहकारी संस्था स्थापून आपला माल थेट परदेशीं पाठविण्यास सुरुवात केली.

नांवाचाही झगडा झाला. सन १९९४ मध्यें अमेरिकेंत एका कंपनीनें 'रूइबॉस' हा शब्दच आपलें व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घेतला; बराच वाद होऊन सन २००५ मध्यें तो हक्क सुटला. सन २०२१ मध्यें युरोपीय संघानें हें नांव त्या प्रदेशाच्या मालासाठीं राखून ठेवलें. आपल्या हापुसास सन २०१८ मध्यें भौगोलिक निर्देशांक मिळाला, तो ह्याच जातीचा हक्क होय. आणि ज्यांच्या ज्ञानावर हा सर्व व्यापार उभा राहिला, त्या खोइ व सान लोकांच्या संस्थांशीं सन २०१९ मध्यें करार होऊन, शेतावर मिळणाऱ्या किंमतीच्या शेंकडा १.५ इतकी रक्कम त्यांस देण्याचें व्यापाऱ्यांनीं मान्य केलें. हा न्याय फार उशिरां झाला, हें उघड आहे.

आतां मूळ प्रश्न : हें पीक आपल्याकडे घ्यावें काय? उत्तर 'नाहीं' असें आहे, व त्याचीं कारणें जमिनींत आहेत. एक, ह्या झुडपास रेताड, हलकी व आम्ल जमीन लागते, सामू ४.५ ते ५.५ च्या आसपास. आपली काळी जमीन चिकण व चुनखडीची असून तिचा सामू बहुधा साताच्या वर असतो. दोन, तेथील पाऊस वर्षाला सुमारें २०० ते ४५० मिलिमीटर, आणि तो थंडींत पडतो. उन्हाळा कोरडा जातो. आपला पाऊस उष्णतेंत व सरींनीं येतो. खोल सोटमूळ घालून कोरड्या वाळूंत ओल शोधणारें हें झाड आपल्या भाद्रपदांतील चिखलांत कुजल्यावांचून राहणार नाहीं. तीन, स्फुरद फार झाल्यास त्यास अपाय होतो. म्हणजे नेहमींचें खत घालावें तर तेंच घातक. त्या मुलखांत बीं फेब्रुवारी-मार्चमध्यें वाफ्यांत पेरतात, जून ते ऑगस्टमध्यें रोपें लावतात, आणि पहिली पूर्ण तोडणी सुमारें दीड वर्षानें येते. पुढें वर्षांतून एकदां, उन्हाळ्यांत, तोडणी होते व पांच-सहा वर्षांत झाड थकतें. त्या टापूबाहेर हें पीक व्यापारी प्रमाणावर रुजलेलें नाहीं. कोंकणांत आम्ल जमीन आहे, असें कोणी म्हणेल. परंतु तेथें पाऊस किती पडतो हें सांगावयास नको.

पेय म्हणून मात्र तें घेण्यास हरकत नाहीं. एका पेल्यास एक लहान चमचा भुकटी घेऊन उकळत्या पाण्यांत पांच ते दहा मिनिटें ठेवावी. अधिक वेळ राहिली तरी चहासारखी कडू होत नाहीं. दूध-साखर घातली तरी चालते, न घातली तरी गोडसर लागते. पुडा घेतांना त्यावरील घटक वाचावेत, कारण कांहीं मिश्रणांत खरा चहाही असतो. त्यांत ॲस्पालॅथिन नांवाचें विशेष द्रव्य आहे, व त्यावर संशोधन चालू आहे. परंतु मुरवितांना तें बहुतेक नाहींसें होतें, आणि मधुमेह वा हृदयविकार ह्यानें बरा होतो असें माणसांवरील प्रयोगांनीं सिद्ध झालेलें नाहीं. औषध चालू असलेल्यांनीं वैद्याचा सल्ला घ्यावा. झोपेच्या वेळीं कांहीं ऊन प्यावेंसें वाटल्यास तें झोप मोडीत नाहीं, एवढा गुण पुरेसा आहे.

त्या तरुणास हेंच समजावून सांगितलें. त्यानें रोपेंवाल्यास एकच प्रश्न विचारला : हें झाड आमच्या तालुक्यांत कोणाच्या शेतांत उभें आहे तें दाखवा. त्यानंतर तो इसम फिरकला नाहीं. उताऱ्यावरील इतर हक्कांचा रकाना कोरा राहिला, आणि विहिरीच्या बांधावर त्यानें गवती चहाची एक ओळ लाविली आहे. कोणतेंही नवें पीक घेण्यापूर्वीं सभासदांनीं हाच प्रश्न विचारावा, मातीची परीक्षा करून घ्यावी, आणि आगाऊ पैसा मागणाऱ्यास आपल्या सोसायटींत सर्वांसमोर बोलावावें.